गाणी ऐकण्यासाठी एव्ही रिसीव्हर घ्यायचा की स्टिरिओ ॲम्प्लिफायर? हा प्रश्न आता पुन्हा का विचारला जातोय?

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात तीन बातम्या आल्या. तिघींचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता, पण घरात चांगला आवाज हवा असणाऱ्यांसाठी तिन्ही महत्त्वाच्या होत्या.

पहिली बातमी जीएसटीची. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर मोठ्या टीव्हीचे भाव उतरले.

दुसरी बातमी स्पॉटिफायची. अनेक वर्षं नुसती चर्चा असलेली लॉसलेस, म्हणजे आवाजातली माहिती न गाळता गाणी ऐकवण्याची सोय कंपनीने सुरू केली. पुढे भारतातही ती प्रीमियमच्या वरच्या प्लॅनमध्ये आली.

तिसरी बातमी फार कुणी वाचली नसेल. सॅमसंगच्या मालकीच्या हरमन कंपनीने साउंड युनायटेड विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. या एका व्यवहारात डेनॉन, मरँट्झ, बोवर्स अँड विल्किन्स, पोल्क ऑडिओ असे नावाजलेले ब्रँड हरमनकडे गेले. जेबीएल, हरमन कार्डन, इन्फिनिटी, मार्क लेव्हिन्सन हे ब्रँड आधीपासूनच हरमनकडे होते.

मोठा टीव्ही घरात येतो. त्याचे स्वतःचे स्पीकर पातळ वाटतात. मग कुणीतरी सुचवतं, "होम थिएटर घेऊन टाका, सिनेमाही होईल आणि गाणीही होतील." दुसरं कुणी म्हणतं, "गाण्यांसाठी होम थिएटर नको, साधा स्टिरिओ ॲम्प घ्या." दोघंही छातीठोकपणे सांगतात आणि खर्च तीस हजारांपासून लाखापर्यंत जाऊ शकतो. मग खरं कुणाचं?

आधी हे समजून घेऊ की ही दोन यंत्रं नेमकी काय करतात.

दोन डबे, दोन कामं

स्टिरिओ ॲम्प्लिफायरचं काम सोपं आहे. सीडी प्लेअर, फोन, स्ट्रीमर किंवा रेकॉर्ड प्लेअरकडून येणारा लहानसा सिग्नल घ्यायचा, तो मोठा करायचा आणि डाव्या-उजव्या अशा दोन स्पीकरना द्यायचा. आवाज कमीजास्त करायचा नॉब, इनपुट निवडायचं बटण, बहुतेक वेळा बास-ट्रेबल. बस्स.

एव्ही रिसीव्हर, म्हणजे बोलीभाषेतला 'होम थिएटरचा ॲम्प', बरीच जास्त कामं करतो. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल यांचं चित्र आणि आवाज एचडीएमआय केबलने त्याच्याकडे येतात. चित्र तो टीव्हीकडे पाठवतो. आवाजातली डॉल्बी किंवा डीटीएसची माहिती उलगडतो आणि पाच, सात किंवा नऊ स्पीकरना वाटून देतो. त्यात वायफाय असतं, ब्लूटूथ असतं, खोलीचा आवाज मोजणारा माइकही सोबत येतो.

याचा सरळ अर्थ असा, की समजा दोन्ही डब्यांची किंमत ५० हजार रुपये आहे, तर स्टिरिओ ॲम्पमध्ये ते सगळे पैसे दोन चॅनेलवर खर्च झालेले असतात. रिसीव्हरमध्ये तेच पैसे सात चॅनेल, एचडीएमआयचं सर्किट, प्रोसेसर आणि डॉल्बी-डीटीएसच्या परवान्यांमध्ये वाटले जातात. 'गाण्यांसाठी स्टिरिओच' असं म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच आहे आणि हिशेब म्हणून तो बरोबर आहे.

पण हिशेबातला फरक कानाला ऐकू येतो का? हा वेगळा प्रश्न आहे.

'ॲम्पचा आवाज' खरंच वेगळा असतो का?

या वादावर अनेक दशकं भांडणं झाली आहेत. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने एक प्रसिद्ध चाचणी घेतली. सव्वादोनशे डॉलरच्या आसपासच्या पायोनिअर रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्पपर्यंत वेगवेगळी यंत्रं लोकांना ऐकवली. कोणतं यंत्र वाजतंय हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. निकाल असा होता, की अंदाजाने उत्तरं दिली असती तर जेवढी बरोबर आली असती, साधारण तेवढीच बरोबर आली.

या निकालाचा अर्थ 'सगळे ॲम्प सारखे' असा लावला जातो, पण तो अर्धाच आहे. चाचणीत सगळ्यांचा आवाज समान पातळीवर आणलेला होता आणि कोणत्याही ॲम्पवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकलेला नव्हता. म्हणजे निष्कर्ष असा: नीट बनवलेले ॲम्प आपल्या मर्यादेत चालत असतील, तर त्यांच्यातला फरक ओळखणं फार कठीण असतं.

यातला 'मर्यादेत' हा शब्द महत्त्वाचा आहे. खोली मोठी आहे, स्पीकर ४ ओहमचे आहेत, आवाज बराच मोठा ठेवायची सवय आहे, अशा वेळी स्वस्त रिसीव्हर लवकर दमतो. ओहम जितके कमी, तितका स्पीकर ॲम्पकडून जास्त करंट मागतो. बऱ्याच सुरुवातीच्या रिसीव्हरचं पॉवर सप्लाय त्यासाठी बनवलेलंच नसतं. मग आवाज कर्कश होतो किंवा यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतं.

वॉटचा आकडा कसा वाचायचा?

नव्वदच्या दशकात घराघरांत आलेल्या टेपरेकॉर्डर-डेकवर 'पीएमपीओ' असा शिक्का असायचा आणि त्यापुढे हजारांतले आकडे. ते आकडे प्रत्यक्षात एका क्षणाच्या कल्पित उसळीचे होते, रोजच्या वापराशी त्यांचा संबंध नव्हता. आज पीएमपीओ जवळपास गेला, पण आकड्यांचा खेळ संपलेला नाही.

रिसीव्हरच्या खोक्यावर 'प्रति चॅनेल १५० वॉट' लिहिलेलं असतं. खालच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की हा आकडा एकच चॅनेल चालू असताना, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर आणि १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजला आहे. तेच यंत्र २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेल चालू ठेवून आणि अगदी कमी विकृतीसह मोजलं, की आकडा बराच खाली येतो. तुलना करायची असेल तर हाच दुसरा आकडा पाहायचा.

ही फसगत नवी नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच ॲम्पची ताकद कशी मोजून जाहीर करायची याचा नियम केला होता. आता बाजार बदलला, म्हणून २०२४ मध्ये तो नियम सुधारून मोजणीच्या अटी पक्क्या केल्या.

पण मुळात घरात किती वॉट लागतात? उत्तर अनेकांना आश्चर्याचं वाटेल. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर घेतला, तर एक वॉटवर एक मीटर अंतरावर तो ८७ डेसिबल आवाज देतो. तीन मीटर अंतरावर, खोलीत, दोन स्पीकर मिळून तो साधारण ८० डेसिबलच्या आसपास येतो. गप्पांचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे ८० हा चांगलाच मोठा आवाज झाला आणि तोही एका वॉटवर.

मग ५०-१०० वॉट कशाला? तबल्याची थाप, ढोलकीचा तोडा, वाद्यवृंदाची अचानक उसळी अशा क्षणांसाठी. आवाज १० डेसिबलने वाढवायला दहापट ताकद लागते आणि २० डेसिबलने वाढवायला शंभरपट. सरासरी ८० डेसिबलवर ऐकणाऱ्याला एखाद्या क्षणी १०० वॉट लागू शकतात. सरासरी ७० वर ऐकणाऱ्याला तेच काम १० वॉटमध्ये होतं. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये, जिथे भिंतीपलीकडे शेजारी असतात, तिथे बहुतेक लोक दुसऱ्या गटात मोडतात.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. सात चॅनेलच्या रिसीव्हरवर फक्त दोन स्पीकर लावून गाणी ऐकली, तर सात चॅनेलसाठी असलेला पॉवर सप्लाय त्या दोघांच्याच वाट्याला येतो. त्यामुळे सिनेमात धापा टाकणारा रिसीव्हर गाण्यांच्या वेळी बराच निवांत असतो.

खरा खलनायक: आपली खोली

ॲम्पवर वाद घालताना एक गोष्ट नेहमी मागे राहते. आवाज सर्वात जास्त बदलते ती खोली.

१२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच हॉल घ्या. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमधल्या फ्लॅटमध्ये असे हॉल भरपूर आहेत. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाच्या लाटा अडकतात आणि ठरावीक सूर फुगतात. गणित सोपं आहे: आवाजाचा वेग भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. १२ फुटांसाठी उत्तर येतं सुमारे ४७ हर्ट्झ, १० फुटांसाठी ५६ आणि साडेनऊ फुटांसाठी ५९.

शेवटचे दोन आकडे जवळजवळ आहेत, म्हणजे त्या पट्ट्यात खोली दुप्पट जोर लावणार. बेस गिटारचा ५५ हर्ट्झचा सूर आला, की हॉल घुमायला लागतो. त्याच्या शेजारचा दुसरा सूर मात्र बसलेल्या जागेवर जवळपास गायब होऊ शकतो. सोफा दोन फूट पुढे-मागे केला तरी चित्र बदलतं. लाखाचा ॲम्प आणला तरी हे बदलणार नाही, कारण ही गडबड ॲम्पमध्ये नाहीच.

इथे एव्ही रिसीव्हरची बाजू अचानक भक्कम होते. सोबत आलेला माइक खोलीत चार-आठ ठिकाणी ठेवला, की रिसीव्हर आवाज मोजतो आणि फुगलेले सूर दाबतो. डेनॉन-मरँट्झमध्ये याला ऑडिसी म्हणतात, यामाहामध्ये वायपाओ. डिराक लाइव्ह नावाची वेगळी प्रणालीही अनेक यंत्रांत मिळते. गायब झालेले सूर परत आणणं या प्रणालींना फारसं जमत नाही, पण घुमणारा बास त्या चांगलाच आवरतात.

दुसरा फायदा सबवूफरचा. रिसीव्हर ठरावीक मर्यादेखालचा, सहसा ८० हर्ट्झखालचा, सगळा बास सबवूफरकडे वळवतो आणि लहान स्पीकरना त्या ओझ्यातून मोकळं करतो. साध्या स्टिरिओ ॲम्पमध्ये सबवूफरची जागा असली, तरी मुख्य स्पीकरचा बास कापायची सोय बहुतेकदा नसते. लहान बुकशेल्फ स्पीकर आणि सबवूफर अशी जोडी करणार असाल, तर हा मुद्दा ॲम्पच्या 'गोडव्या'पेक्षा मोठा आहे.

मग स्टिरिओ ॲम्प कशासाठी घ्यायचा?

सर्वात मोठं कारण आवाजाचं नाही, आयुष्याचं आहे.

१९७८ मध्ये एनएडी कंपनीने '३०२०' नावाचा ॲम्प आणला. कागदावर ताकद फक्त २० वॉट. तो जगभर खपला आणि आजही लोक तो दुरुस्त करून वापरतात. त्यावेळच्या आरसीए सॉकेटमध्ये आजचा स्ट्रीमर लावता येतो, कारण ते सॉकेट बदललेलंच नाही.

आता एचडीएमआयचं पाहा. १.४ आवृत्ती २००९ मध्ये आली, २.० आली २०१३ मध्ये, २.१ आली २०१७ मध्ये आणि २.२ आली २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी टीव्ही आणि कन्सोल पुढे जातात आणि रिसीव्हर मागे पडतो. नवं यंत्र घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ असलेले काही कंपन्यांचे पहिले रिसीव्हर बाजारात आले, तेव्हा त्यातल्या चिपमुळे नव्या एक्सबॉक्सचं ४के १२० हर्ट्झचं चित्र नीट जात नव्हतं. कंपन्यांना नंतर वेगळे उपाय द्यावे लागले.

रिसीव्हरमध्ये भाग जास्त, उष्णता जास्त आणि बिघडू शकणाऱ्या जागाही जास्त. वॉरंटीनंतर एचडीएमआयचा बोर्ड गेला, तर तो मिळेलच याची खात्री नसते. साध्या ॲम्पचे ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तापकीर गल्लीत शोधता येतात आणि ते बदलणारा कारागीरही सापडतो.

दुसरं कारण साधेपणा. घरात आजी-आजोबांना रेकॉर्ड किंवा सीडी लावायची असेल, तर एक बटण आणि एक नॉब एवढंच पुरतं. रिसीव्हरमध्ये टीव्ही चालू करून मेन्यू उघडावा लागणं हा अनेक घरांतला रोजचा त्रास आहे.

तिसरं कारण रेकॉर्ड प्लेअर. रिसीव्हरला दिलेला ॲनालॉग सिग्नल तो बहुतेक वेळा आधी डिजिटल करतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग पुन्हा ॲनालॉग करतो. 'प्युअर डायरेक्ट' किंवा 'डायरेक्ट' मोड लावला तर यातली बरीच प्रक्रिया टाळता येते, पण मग खोलीची दुरुस्तीही बंद होते. एलपी ऐकण्यासाठीच यंत्र घेत असाल, तर फोनो इनपुट असलेला स्टिरिओ ॲम्प हा सरळ मार्ग आहे.

गाणी मुळात किती स्पीकरसाठी बनली आहेत?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण निर्णय याच्यावरच ठरायला हवा.

पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' प्रसारित झालं, तेव्हा ते मोनो होतं. डावं-उजवं काही नव्हतंच. त्या काळातलं नाट्यसंगीत, भावगीतं, जुने अभंग यांचं ध्वनिमुद्रण असंच आहे. ते सात स्पीकरवर वाजवलं तर आवाज पसरतो, पण त्यात नवं काही येत नाही. उलट, गायकाचा आवाज मधोमध राहण्याऐवजी खोलीभर विखुरतो.

त्यानंतरचं बहुतेक संगीत स्टिरिओ आहे. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला. थिएटरमध्ये सिनेमा बघताना तो चारही बाजूंनी आला असेल, पण गाण्यांची सीडी वाजवली की तो दोन चॅनेलमध्येच येतो. स्पॉटिफायची नवी लॉसलेस सोयही स्टिरिओच आहे.

अपवाद आहे तो डॉल्बी ॲटमॉसचा. २०१२ मध्ये पिक्सारच्या 'ब्रेव्ह' या सिनेमापासून थिएटरमध्ये आलेलं हे तंत्र जून २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने गाण्यांसाठी खुलं केलं. ॲटमॉसमध्ये गाणी दिली तर जास्त रॉयल्टी देण्याचं धोरणही ॲपलने २०२४ पासून आणलं. त्यामुळे नव्या गाण्यांच्या ॲटमॉस आवृत्त्या वाढत आहेत.

त्यांचा खरा अनुभव घ्यायचा तर एव्ही रिसीव्हरला पर्याय नाही. पण '५.१.२' या सर्वात साध्या रचनेतही सबवूफर धरून आठ स्पीकर होतात आणि त्यातले दोन छताला किंवा छताच्या दिशेने लावायचे असतात. भाड्याच्या घरात छताला भोकं पाडायला घरमालक हो म्हणेल का, हा प्रश्न डॉल्बीच्या हातात नाही.

बाजार कुठे चाललाय?

साउंड युनायटेडची गोष्ट इथे उपयोगी पडते. रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारी उपकरणं बनवणाऱ्या मासिमो या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये ती एक अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतली होती. घोषणा होताच मासिमोचा शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त कोसळला. तीन वर्षांनी हरमनशी सौदा ठरला तो ३५ कोटी डॉलरला.

त्याच २०२२ मध्ये जपानची ओन्क्यो होम एंटरटेन्मेंट दिवाळखोरीत गेली. तिनेच त्याआधी पायोनिअरचा होम ऑडिओ व्यवसाय घेतला होता. ओन्क्यो आणि पायोनिअर ही नावं पुढे दुसऱ्या मालकांकडे जिवंत राहिली. पण चित्र स्पष्ट आहे. रिसीव्हरच्या बाजारात खेळाडू कमी होत आहेत, कारण सामान्य ग्राहक टीव्हीखाली एक साउंडबार ठेवून मोकळा होतो. सॅमसंग स्वतः साउंडबारच्या बाजारातली मोठी कंपनी आहे.

हरमनने साउंड युनायटेडला वेगळा विभाग म्हणून चालवण्याचं जाहीर केलं आहे, त्यामुळे डेनॉन-मरँट्झ उद्या बंद होणार असं समजायचं कारण नाही. पण ग्राहकासाठी धडा आहे. ज्या यंत्राचा मोठा भाग सॉफ्टवेअर आणि ॲपवर चालतो, त्याचं भवितव्य कंपनीच्या मालकावर जास्त अवलंबून असतं. साध्या ॲम्पची कंपनी बुडाली तरी नॉब फिरतच राहतो.

याच वेळी दोन्हींच्या मधला एक प्रकार वाढतोय. दोनच चॅनेल, पण एचडीएमआय आणि वायफायसह. मरँट्झचा २०१९ मधला एनआर१२०० आणि २०२३ मधला स्टिरिओ ७०एस, यामाहाचा आर-एन१०००ए, विम कंपनीचा लहानसा 'विम ॲम्प' ही त्याची उदाहरणं. टीव्हीच्या एआरसी सॉकेटमधून आवाज यात येतो आणि टीव्हीच्याच रिमोटवर कमीजास्त होतो. आर-एन१०००ए आणि विम ॲम्पमध्ये तर खोलीची दुरुस्तीही आहे. 'रिसीव्हर की स्टिरिओ' या जुन्या भांडणातला अर्धा भाग या यंत्रांनी संपवला आहे.

मग तुम्ही काय घ्यायचं?

पाच किंवा जास्त स्पीकर लावायला जागा आहे, घरात सिनेमे आणि वेब सिरीज नियमित बघितल्या जातात, सबवूफर वापरणार आहात: एव्ही रिसीव्हर घ्या. गाण्यांसाठी तो वाईट नाही. फक्त गाणी ऐकताना 'स्टिरिओ' मोड लावा. अनेक घरांत रिसीव्हर आपोआप 'ऑल चॅनेल' किंवा 'सराउंड' मोडवर असतो आणि लोक म्हणतात होम थिएटरवर गाणी नीट वाजत नाहीत.

दोनच स्पीकर ठेवणार, मुख्य काम गाणी, टीव्ही त्याच खोलीत आहे: एचडीएमआय असलेला स्टिरिओ ॲम्प बघा. बहुतेक फ्लॅटसाठी हा सर्वात व्यवहार्य पर्याय आहे.

एलपी, सीडी आणि फक्त गाणी, यंत्र वीस वर्षं टिकायला हवं: साधा स्टिरिओ ॲम्प. स्ट्रीमिंगसाठी वेगळा लहान स्ट्रीमर जोडा. तो जुना झाला तर तेवढाच बदलता येतो.

घरात आधीच रिसीव्हर आहे आणि गाण्यांचं समाधान होत नाही: लगेच तो विकू नका. आधी खोलीची मोजणी पुन्हा करा, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा, मोड तपासा. तरीही ताकद कमी वाटली, तर रिसीव्हरच्या मागे 'प्री-आउट' आहे का बघा. असेल तर पुढच्या दोन स्पीकरसाठी वेगळा स्टिरिओ ॲम्प जोडता येतो. तो ॲम्प 'होम थिएटर बायपास' असलेला असेल, तर सिनेमा आणि गाणी दोन्ही सोयीने चालतात.

दुकानात जाताना

एक, आपल्या ओळखीची गाणी सोबत न्या. दुकानदाराचं डेमो गाणं त्याच्या स्पीकरला शोभणारंच असतं.

दोन, दोन यंत्रांची तुलना करताना आवाज समान ठेवायला सांगा. आवाज अगदी एक डेसिबलने जास्त असला, तरी कानाला तो 'जास्त खुला, जास्त स्पष्ट' वाटतो. महागडं यंत्र किंचित मोठ्याने वाजवणं ही विक्रीतली जुनी युक्ती आहे. फोनवरचं डेसिबल मोजायचं मोफत ॲपही या तुलनेला पुरतं.

तीन, लॉसलेस ऐकायचं असेल तर यंत्रात वायफाय किंवा लॅनची सोय आहे का ते विचारा. साध्या ब्लूटूथवर गाणं पुन्हा दाबून पाठवलं जातं, मग वरच्या प्लॅनचे पैसे वाया.

चार, यंत्र कुठे ठेवणार ते आधी ठरवा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, मे महिन्यात, रिसीव्हर तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं. वर आणि बाजूला मोकळी जागा हवीच. विजेचाही विचार करा. नुसतं चालू असताना समजा ५० वॉट लागले, तर रोज पाच तासांचे महिन्याला साडेसात युनिट होतात.

पाच, आणि सर्वात महत्त्वाचं, पैसे आधी स्पीकरला द्या. एका स्पीकरपासून दुसऱ्या स्पीकरपर्यंतचा फरक घरातल्या कुणालाही डोळे मिटून ओळखता येतो. दोन चांगल्या ॲम्पमधला फरक ओळखायला मात्र १९८७ मध्ये निवडलेल्या श्रोत्यांनाही जमलं नव्हतं. एकूण रकमेतला निम्म्याहून जास्त वाटा स्पीकरचा असू द्या आणि उरलेल्या पैशांत वरच्यापैकी तुमच्या घराला बसणारा डबा घ्या.